किंग्स्टनमध्ये रात्री बारानंतर

(मंडळाच्या कोजागिरी मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी थोडं संपादित)

नमस्कार मंडळी.

समितीचा निरोप होता, "जमैकात नोकरी करून आलात ना, मग तिथलं काहीतरी सांगा, पण हलकंफुलकं." हलकंफुलकं कितपत जमेल ते बघू. आज जागायचंच आहे, म्हणून जागरणाचाच विषय घेतो.

आपल्यातल्या ज्येष्ठांना किंग्स्टन ठाऊक आहे ते सबायना पार्कमुळे. 1971 साली आपल्या मडगावच्या दिलीप सरदेसाईंनी तिथे 212 धावा काढल्या आणि सोबर्सच्या वेस्ट इंडिजवर फॉलोऑनची वेळ आली. हे मैदान शहराच्या खालच्या भागात आहे. हे खाल-वर आधी समजून घ्या. शहर बंदराकाठी वसलं आणि पैसेवाले हळूहळू डोंगराच्या दिशेनं सरकत गेले. क्रॉस रोड्स नावाचा एक चौक आहे. ढोबळमानानं त्याच्या खाली समुद्रापर्यंत डाउनटाउन आणि वर डोंगरापर्यंत अपटाउन. आपल्याकडे आडनाव विचारून जे काढून घेतात, ते तिथे पत्ता विचारून काढतात. शाळा कुठली, बोली कुठली, पगार किती, सगळं. कातडीचा रंगसुद्धा लोक त्यातच धरतात.

माझं ऑफिस न्यू किंग्स्टनमध्ये, म्हणजे अपटाउनात. पूर्वी तिथे घोड्यांच्या शर्यतीचं मैदान होतं, आता बँका, हॉटेलं आणि क्लब आहेत. पहिल्याच आठवड्यात सहकाऱ्यांनी बजावलं, रात्री क्रॉस रोड्सच्या खाली जायचं नाही. गंमत अशी, की ज्या संगीतावर हे सहकारी क्लबात नाचायचे, ते सगळं त्या खालच्या भागातून आलेलं.

याला इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात चांगल्या हॉटेलांत वाद्यवृंद वाजायचे, पण ते वरच्या वर्गासाठी. मर्टल बँक हॉटेलच्या तलावात काळ्या माणसाला उतरायला मज्जाव होता. 1948 साली इव्हॉन ब्लेक या पत्रकारानं त्या तलावात सरळ उडी मारली आणि गहजब झाला. ज्यांना हॉटेलात प्रवेश नव्हता, त्यांनी आपली सोय रस्त्यावर केली. कपाटाएवढे स्पीकर, एक ॲम्प्लिफायर, अमेरिकेतून आणलेल्या रेकॉर्डी, झाली साउंड सिस्टिम. अशी सिस्टिम चालवणारा ड्यूक रीड हा माजी पोलीस, त्याचं दारूचं दुकान होतं. दुसरा सिस्टिमवाला कॉक्सन डॉड, त्याच्या आईचंही तसंच दुकान होतं. हे मुद्दाम सांगतो, कारण या धंद्याचं गणित पहिल्यापासून गाण्यावर कमी आणि बाटलीवर जास्त चालत आलंय. नाच जितका लांबेल, तितका गल्ला.

आजही रस्त्यावरचा डान्स म्हणजे एक अख्खी बाजारपेठ असते. हाफ वे ट्रीजवळ बर्लिंग्टन ॲव्हेन्यूवर स्टोन लव्ह या 1972 पासूनच्या साउंड सिस्टिमचा बुधवारचा डान्स चालतो, 'वेडी वेडी वेन्झडे'. मी तिथे गेलो ते अकराला, नाटकाला जावं तसा वेळेवर. तिथे फक्त वायरी जोडणारी पोरं. गर्दी जमली दीडनंतर. मध्ये व्हिडिओवाला, त्याच्या कॅमेऱ्यावरचा दिवा डोळे दिपवणारा. त्या दिव्याच्या झोतात यायचं म्हणून बायका खास कपडे शिवून, केस रंगवून येतात. पोरांचे गट एकसारख्या स्टेप करत पुढे सरकतात. अपटाउनची मुलं गाड्यांना टेकून बघत असतात. आणि कडेला चिकनवाला. लोखंडी पिंप उभं चिरून केलेली शेगडी, वर जर्क चिकन, म्हणजे तिथल्या तिखट मसाल्यात मुरवून भाजलेलं. तो सुऱ्यानं खटाखट तुकडे करतो, फॉइलमध्ये टाकतो, वर मिरचीचा सॉस आणि पावाच्या दोन जाड स्लाइस. मी त्याला विचारलं, धंदा कधी होतो? म्हणाला, दोन ते चार. पिणारा माणूस बाराला जेवत नाही.

आता कायदा ऐका. 1997च्या ध्वनिनियंत्रण कायद्यानुसार आठवड्याच्या दिवसांत मध्यरात्रीनंतर आणि शनिवार-रविवारी पहाटे दोननंतर मोठ्या आवाजात संगीत लावता येत नाही. शंभर मीटरपलीकडे ऐकू आलं, की पोलीस येऊन बंद करू शकतात. त्याला तिथले लोक म्हणतात 'लॉक ऑफ'. म्हणजे चिकनवाल्याचे कमाईचे तास नेमके बेकायदा. बंद खोलीतल्या एसी क्लबाला या शंभर मीटरची फारशी झळ नाही. त्याला भिंती आहेत. भिंती बांधायला पैसे लागतात, हा सगळा मामला तिथे येऊन थांबतो.

पण आवाजाचा त्रास खोटा नाही. डान्सच्या शेजारीही गरीबच राहतात, त्यांनाही सकाळी सहाची बस पकडून अपटाउनात धुणीभांडी करायला जायचं असतं. आमच्याकडे काम करणाऱ्या बाई डान्सहॉल म्हटलं की, म्हणजे या रस्त्यावरच्या डान्सचं संगीत आणि तो सगळा प्रकार, कपाळाला आठ्या घालायच्या. तिथे डान्सशेजारी राहणाऱ्यांना विचारा, आणि पुण्या-मुंबईत डॉल्बीच्या भिंतीसमोर राहणाऱ्यांनाही विचारा, सारखंच ऐकू येईल.

एका डान्सनं मात्र खाल-वर खरोखर मोडलं, असं बरेच जण सांगतात. 2003 मध्ये टिव्होली गार्डन्स या वस्तीत दर बुधवारी रात्री 'पासा पासा' सुरू झाला. ही वस्ती 1960च्या दशकात जुनी झोपडपट्टी पाडून उभी राहिली, एडवर्ड सीगा या पुढाऱ्यानं उभी केली. राजकारणात येण्याआधी तो लोकसंगीत ध्वनिमुद्रित करायचा, पुढे पंतप्रधान झाला. पासा पासाला अपटाउनची मुलं आलिशान गाड्या घेऊन थेट टिव्होलीत उतरायची, परदेशी पाहुणेही यायचे, उजाडेपर्यंत नाच. गाडीला ओरखडा पडायचा नाही, कारण वस्तीवर डॉनचा धाक होता. म्हणजे ज्या बंदुकीला घाबरून अपटाउन एरवी खाली उतरत नसे, तिच्याच पहाऱ्यात ते नाचत होतं. मे 2010 मध्ये त्या डॉनला पकडायला सैन्य आणि पोलीस वस्तीत घुसले. 70च्या आसपास नागरिक मेले. अपटाउनची जी पोरं बुधवारी तिथे नाचायची, ती त्या आठवड्यात आपापल्या ग्रिलच्या आत बसून टीव्ही बघत होती. पासा पासा तिथेच थांबला. डान्स एकत्र आणतो म्हणणाऱ्यांना मी हे नेहमी ऐकवतो.

शेवटी कार्निव्हल. तो जमैकाचा जुना सण नव्हे. 1990 मध्ये बायरन ली या वाद्यवृंदवाल्यानं त्रिनिदादच्या धर्तीवर तो आणला आणि पहिल्यापासून तो अपटाउनचा. पिसांचा मुकुट, मण्यांची चोळी, अंगावर कापड म्हणावं तर नाममात्र, आणि त्याची किंमत शेकडो अमेरिकन डॉलर. डान्सहॉलमधल्या बाईचे कपडे तोकडे असले की वर्तमानपत्रांत संस्कृती बुडते, तेच कार्निव्हलमध्ये पर्यटन होतं. आमच्या बाई आठ्या विसरून मुलींना घेऊन हाफ वे ट्रीला तो बघायला जायच्या. नाचणाऱ्या जथ्याभोवती दोर धरलेला असतो. पोशाखाचे पैसे भरलेले आत, बघे बाहेर. स्पीकरचे ट्रक चौकाचौकांतून जातात, शंभर काय, पाचशे मीटरवर छाती हादरते, आणि रस्ता मोकळा करून द्यायला पोलीस जातीनं उभे असतात.