माशाच्या पिल्लाला काय दिसतं?

नमस्कार मंडळी! आज बोलायचंय झेब्राफिशच्या पिल्लांबद्दल, माझी पीएचडी त्यांच्याच नजरेवर चाललीये. फिश टँकवाल्याकडे आडव्या निळ्या पट्ट्यांचा बोटाच्या पेरापेक्षा थोडा मोठा मासा मिळतो ना, तोच. मूळचा आपल्याच बाजूचा, १८२२ साली फ्रान्सिस हॅमिल्टननी गंगेतल्या माशांमध्ये त्याची नोंद केली होती.

अंड्यातून पिल्लू दोन-तीन दिवसांत बाहेर येतं, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याला दिसायला लागतं! आता ते आपल्याला कळतं कसं, तर पिल्लाला घट्टसर जेलमध्ये ठेवायचं आणि भोवती काळे-पांढरे पट्टे फिरवायचे, लोकलच्या खिडकीतून बाहेरचे खांब बघताना आपले डोळे जसे सरकतात आणि झटकन मागे येतात ना, अगदी तसेच त्याचे होतात. मग पट्टे बारीक बारीक करत जायचं, डोळे हलायचे थांबले की समजायचं, याच्यापुढचं त्याला दिसत नाही. किती साधी टेस्ट आहे बघा.

पाचव्या दिवशी तर ते शिकार करतं. उंची, म्हणजे लांबी म्हणा, जेमतेम चार मिलिमीटर, पोटातला बलक संपत आलेला, खायला तर हवंच. समोर पॅरामेशियम, म्हणजे पाण्यातला एकपेशी सूक्ष्म जीव, आला की बाजूंना असलेले दोन्ही डोळे आत वळतात, शेपटी हलवत ते नेम धरतं आणि झेप घेतं. हे मी कितीही वेळा बघू शकते, खरंच.

पण खरी गंमत पुढे आहे. या पिल्लांना अल्ट्राव्हायोलेट, म्हणजे जांभळ्याच्या पलीकडचा उजेड, दिसतो, आपल्याला नाही. त्या उजेडात पॅरामेशियम चमकणारा ठिपका दिसतो, आणि २०२० मध्ये इंग्लंडच्या ससेक्स विद्यापीठातल्या टॉम बाडेन यांच्या गटाने दाखवलं की डोळ्याच्या ज्या भागाने पिल्लू शिकार हेरतं तिथल्या अल्ट्राव्हायोलेट टिपणाऱ्या पेशी याच कामासाठी खास जुळवलेल्या असतात. याच गटाने त्याआधी भारतात येऊन या माशांच्या पाण्यातला उजेडही मोजला होता, मला ते काम फार महत्त्वाचं वाटतं, कारण आपण लॅबमध्ये साध्या प्रोजेक्टरवर पट्टे दाखवतो आणि त्यात अल्ट्राव्हायोलेट नसतंच, म्हणजे जो रंग त्याला जेवण मिळवून देतो तोच आपण काढून घेतो आणि वर म्हणतो की पिल्लाला एवढंच दिसतं! माशाची नजर तपासायची तर उजेड माशाच्या पाण्यातला हवा, माझं तरी ठाम मत आहे. म्हणून सध्या अल्ट्राव्हायोलेट एलईडी लावून नवीन सेटअप जुळवतेय, पट्ट्यांची टेस्ट आता त्यावर परत करायची आहे.