चार मांजरं आणि एक भोपळा

अध्यक्षांनी ओळख करून देताना मला 'क्रीडा अभ्यासक' म्हटलं. मी धातुशास्त्रातला माणूस. आयुष्यभर पोलादाचे तुकडे मोडून ते का मोडले याचे अहवाल लिहिले. खेळाचा अभ्यास म्हणाल तर रविवारी सोफ्यावर बसून केलेला, तोही ही भाजी निवडायला हातात देईपर्यंत.

विषय अमेरिकन फुटबॉल. चेंडू हातात धरून पळतात, मग फुटबॉल कसला, हे कृपया विचारू नका. अमेरिकेत पिट्सबर्गला आमच्याकडे आलेल्या प्रत्येक पाहुण्यानं ते विचारून झालंय. बत्तीस संघ आणि हंगामाच्या शेवटी एक अंतिम सामना, त्याचं नाव सुपर बोल, एवढ्यावर आजचं भागेल.

माझं म्हणणं असं, की संघाच्या नावात जनावर असलं की करंडक लांब पळतो आणि राबणारा माणूस असला की जवळ येतो. हसा. आकडे ऐकून पुन्हा हसा.

१९६७ ते २०२५ या काळात ५९ सुपर बोल झाले. बत्तीसपैकी चौदा संघ पशुपक्ष्यांच्या नावाचे. त्या चौदांनी मिळून जिंकले १५. उरलेले ४४ बिनशेपटीच्या संघांनी नेले. त्यातही मार्जारकुळ बघा. डेट्रॉइटचे लायन्स, सिनसिनाटीचे बेंगॉल्स (म्हणजे आपलेच बंगाली वाघ), जॅक्सनव्हिलचे जॅग्वार्स, कॅरोलिनाचे पँथर्स. चार मांजरं, करंडक किती? भोपळा! लायन्स आणि जॅग्वार्सना तर अंतिम सामन्यापर्यंतसुद्धा पोचता आलेलं नाही. डेट्रॉइटच्या बेसबॉल संघाचं नाव टायगर्स, म्हणून १९३४ साली फुटबॉलवाल्यांनी थेट जंगलाचा राजा आणून बसवला. २००८ साली राजा सोळा सामने खेळला आणि सोळाच्या सोळा हरला.

हे मला कळलं ते आमच्या क्रिकेट संघामुळे. तिकडे आम्ही मराठी मंडळी उन्हाळ्यात रविवारी खेळायचो. संघाचं नाव काय, तर 'सह्याद्रीचे वाघ'. सलग तीन वर्षं पहिल्याच फेरीत घरी. मी बैठकीत म्हटलं, नाव बदलू या. 'रविवारचे हमाल' ठेवू. मतदान घेतलं. तेरा जण हजर, दोन मतं हमालांना. एक माझं. दुसरं कुणाचं ते आजतागायत कळलेलं नाही, हिला विचारलं तर म्हणते, "माझं नव्हतं, एवढं नक्की." उलट वाघवाल्यांना चेव आला. संघ हरतोय तो शुभंकर नाही म्हणून, असं निदान झालं आणि वर्गणी काढून वाघाचा पोशाख भाड्यानं आणला. आत कोण शिरणार? ज्याला कॅच येत नाही तो. म्हणजे मी. जुलैचं ऊन, आत लोकर, डोळ्यांच्या जागी दोन भोकं. तिसऱ्या षटकात बाजूनं एक बाई कुत्रं घेऊन चालली होती. कुत्रं केवढं, आपल्या तांब्याएवढं. ते सुटलं आणि वाघाच्या मागे लागलं. सह्याद्रीचा वाघ खेळपट्टीवरून पळाला हो! पंचांनी डेड बॉल दिला. सामना अर्थातच हरलो, आणि पोशाखाची शेपूट फाटली तिचे पैसे मी भरले.

असो. आता राबणाऱ्या माणसांच्या नावांकडे, आधी पॅकर्सकडे येऊ. ग्रीन बे हे लाखभर वस्तीचं गाव, आपल्याकडचा एखादा तालुका म्हणा. १९१९ साली तिथला कर्ली लॅम्बो नावाचा तरुण इंडियन पॅकिंग कंपनीत नोकरीला होता. मांस डब्यात भरणारी कंपनी. नावातलं इंडियन आपलं नव्हे. त्यानं गणवेशासाठी मालकांकडून ५०० डॉलर मिळवले आणि संघाला कंपनीचं नाव लागलं. कंपनी थोड्याच काळात विकली गेली, नाव राहिलं. मांस भरणाऱ्यांचे सुपर बोल चार, आणि शुभंकर एकही नाही! न्यू यॉर्क जायंट्सनाही नाही, त्यांचेही चार. आपल्याकडच्या, पायानं खेळायच्या फुटबॉलमधला गोव्याचा धेंपो संघ बघा. खाणवाल्या घराण्याचं नाव, आणि २००५ ते २०१२ या काळात देशाचं विजेतेपद पाच वेळा. कोल्हापुरातले फुटबॉल संघ पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल. सगळ्या तालमी. शाहूनगरीतल्या माणसाला वाघ पाहिजे असेल तर तो स्वतःच पुरेसा असतो.

आता पिट्सबर्ग. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत तरी. हा संघ १९३३ साली सुरू झाला तो पायरेट्स म्हणून. १९४० साली तो स्टीलर्स झाला, पोलादवाले. लगेच जिंकले का? नाही, पहिला सुपर बोल यायला १९७५ उजाडलं. पस्तीस वर्षं. माझा सिद्धांत पंचवार्षिक योजनेसारखा आहे, वेळ लागतो. त्यांच्या शिरस्त्राणावर अमेरिकी पोलाद उद्योगाचं चिन्ह असतं, तेही फक्त उजव्या बाजूला. तीन चांदण्या: पिवळी कोळशाची, लाल लोहखनिजाची, निळी भंगाराची. भट्टीत काय घालायचं ते डोक्यावर लिहिलेला दुसरा संघ मला माहीत नाही.

मी १९७९ साली तिथे गेलो. त्याच हंगामात त्यांनी सहा वर्षांतला चौथा करंडक घेतला. गाव पिवळे पंचे फिरवत रस्त्यावर. हो, पंचेच! मायरन कोप नावाच्या रेडिओ समालोचकानं १९७५ साली ती टूम काढली. आणि त्यानंतर भट्ट्या विझायला लागल्या. इथे समोर निम्मे लोक लालबाग-परळचे आहेत, तुम्हाला काय सांगायचं. १८ जानेवारी १९८२ ला आमचे वडील संपावर गेले ते पुन्हा खात्यात गेलेच नाहीत. त्यांची पत्रं यायची: भोंगा नाही, सकाळी जाग येत नाही. इकडे माझ्या खिडकीतून रात्री आकाश तांबडं दिसायचं, ते एकेक वर्षी काळं होत गेलं. होमस्टेडचा कारखाना १९८६ साली बंद पडला. माणसं पोट भरायला टेक्सास, फ्लोरिडा, कुठेकुठे गेली, जाताना पंचा घेऊन गेली. आज स्टीलर्स परगावी खेळतात तेव्हाही अर्धं मैदान पिवळं असतं, ते हेच लोक आणि त्यांची पोरं. पोलादवाले फक्त नावात उरले. आमच्या वडिलांच्या गिरणीच्या नावाचा एखादा फुटबॉल संघ असता, तर मीही आयुष्यभर त्याच्यामागे फिरलो असतो.

पाच मिनिटं. बरं. आकड्यांचा खरा निकाल झटपट सांगतो. स्टीलर्स सहा, गुरं राखणारे काउबॉइज पाच, सोन्याच्या खाणी खणणारे फोर्टीनायनर्स पाच, पॅकर्स चार. चार कष्टकरी नावं, २० करंडक. पण हे नावामुळे का? तिथेच अडतं. यातले बरेच संघ जुने. तेव्हा नाव गावच्या धंद्यावरून पडायचं. मांजरांपैकी तिघं उशिरा आली, बेंगॉल्स १९६८ला, बाकी दोघं १९९५ला. त्यांना जिंकायला वर्षंच कमी मिळाली. लायन्स मात्र जुने, त्यांना ही सबब नाही. पेट्रियट्सचे सहा करंडक ना जनावराचे ना कामगाराचे. ते टॉम ब्रेडी या त्यांच्या तेव्हाच्या खेळाडूचे. २००० साली संघांनी नवे खेळाडू निवडले, त्यात तो १९९वा होता. तेल काढणारे ह्यूस्टनचे ऑइलर्स कष्टकरी असून सुपर बोल कधी जिंकले नाहीत. टेनेसीला गेले, टायटन्स झाले, २००० साली अंतिम सामन्यात एक यार्ड कमी पडला. आणि २०२५ला ईगल्स, म्हणजे चक्क पक्षी, ४०-२२ नं जिंकले. थोडक्यात, अहवाल लिहायला बसलो तर माझाच नमुना मोडतो. तरी चार मांजरांचा भोपळा उरतोच, त्याचं काय करायचं ते तुम्ही सांगा.

भजनी मंडळ दारात आलेलं दिसतंय, टाळ ऐकू येताहेत. हा माझा पंचा पहिल्या रांगेपासून फिरवा, पण परत द्या. मागे एका कार्यक्रमात दिला होता तो जेवणाच्या पंगतीतून परत आला. पिवळ्यावर हळद दिसत नाही म्हणून सगळ्यांनी हात पुसले होते.