पाणी सोडणारा माणूस

(पडदा काळा. मग टॉर्चचा झोत.)

पहाटेचे साडेतीन. वीज गेली आहे. दोन घरं, दोन्हीकडे सारखाच अंधार.

पहिलं घर वस्तीतल्या प्लॉटवर. शेजारच्याची भिंत चार पावलांवर. कुणीतरी उठतं, चाचपडत बेसिनपाशी जातं, नळ फिरवतं. पाणी येतं. वीज गेल्याचं त्या नळाला कळलेलंच नाही. गावाची टाकी कुठेतरी उंचावर उभी आहे, आणि उतरायला पाण्याला वीज लागत नाही.

दुसरं घर दहा एकरांत. इथेही नळ फिरतो. तांब्याभर पाणी येतं, धार बारीक होते, मग नुसती हवा.

(पंपघराचं दार. कडी. आतली जाळी.)

हा टॉर्च घेऊन बाहेर आलेला माणूस आता पंपघरात उभा आहे. भिंतीवर स्टार्टर, शेजारी निळी प्रेशर टाकी, तिच्या मानेवर बशीएवढा दाबमापक. सर्रास जुळवणी अशी असते, की दाब 40 पीएसआयवर (म्हणजे दर चौरस इंचावर 40 पौंड) उतरला की पंप चालू आणि 60 वर गेला की बंद. काटा आत्ता शून्यावर आहे. तो काचेवर टिचकी मारून बघतो. काटा हलत नाही. टिचकी मारून काही होत नाही हे त्यालाही माहीत आहे, तरी मारतोच. सगळेच मारतात.

पंप बोअरमध्ये खोल सोडलेला. वरून ओढून का घेत नाहीत? कारण ओढण्याला मर्यादा आहे. वर ठेवलेला पंप फक्त नळीतली हवा काढतो, पाणी वर ढकलतो तो बाहेरचा वातावरणाचा दाब, आणि त्याची ताकद साधारण 10 मीटरपर्यंतच. प्रत्यक्षात सात मीटरच्या आसपासच दम संपतो. त्याहून खोल पाण्यासाठी पंपालाच खाली पाण्यात उतरावं लागतं, आणि तिथे त्याला वीज पोचवावी लागते.

घरावर टाकी असती तर रात्र निभावली असती. पण 10 मीटर उंचीवरच्या पाण्याला जेमतेम 1 बार दाब मिळतो, म्हणजे 14-15 पीएसआय. बादली भरेल. शॉवर मात्र रडतच येईल.

(पहाट. ड्रोनमधून दहा एकर. एका कोपऱ्यात घर, काडेपेटीएवढं.)

मोकळ्या जागेत राहायला जायचं, असं म्हणताना डोळ्यांसमोर येतं ते हे दृश्य. वरून. वरून सगळंच छान दिसतं. या चित्रात पाण्याची वाहिनी नाही, गटार नाही, रस्त्यावरचा दिवा नाही. प्लॉटवरचा माणूस फाटकाबाहेरची सगळी कामं दुसऱ्यांवर सोडून बिल भरतो. एकरांत राहणाऱ्याचं फाटक ओलांडून आत फक्त विजेची तार येते, बाकीची नगरपालिका तो स्वतःच. पाणी सोडणारा तोच, गटार बघणाराही तोच.

गटारापासूनच सुरू करू. विषय कुणाला आवडत नाही, म्हणून तो घर बघायला गेल्यावर विचारलाही जात नाही.

(जमिनीतलं काँक्रीटचं झाकण. भोवती गवत इतरांपेक्षा हिरवं.)

झाकणाखाली सेप्टिक टँक. जड ते तळाला बसतं, तेलकट ते वर तरंगतं, आणि मधलं पाणी पुढच्या शोषचरांत जाऊन मातीत मुरतं. उरलेलं काम जिवाणू करतात. तळाचा गाळ साधारण तीन ते पाच वर्षांनी उपसावा लागतो. चरांवर गाडी उभी करायची नाही, खोल मुळांचं झाड लावायचं नाही. आणि अनेक ठिकाणच्या नियमांत शोषचर आणि पिण्याच्या पाण्याची विहीर किंवा बोअर यांच्यात किमान 30 मीटर अंतर लागतं.

या 30 मीटरचा हिशेब करून बघा. विहिरीभोवती तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ काढलं तर ते जवळजवळ 28 गुंठ्यांचं होतं. 3000 चौरस फुटांचा प्लॉट म्हणजे पावणेतीन गुंठे. वस्तीत सामाईक गटार का लागतं, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे. तिथे प्रत्येकाने आपापलं बघायचं ठरवलं, तर एकाचं सांडपाणी दुसऱ्याच्या विहिरीत.

(गवत. यंत्राचा आवाज. पट्टा कापत जाणारी चाकं.)

आता गवत. हातांनी ढकलायचं यंत्र, पातं 53 सेंटिमीटर. पट्ट्यावर पट्टा थोडा चढवावा लागतो, म्हणून 50 धरू. एक एकर म्हणजे सुमारे 4047 चौरस मीटर. भागाकार करा: आठ किलोमीटर. एक एकर गवत कापणं म्हणजे ढकलत ढकलत आठ किलोमीटर चालणं. प्लॉटवर घर वगळून निम्मी जागा गवताची धरली, तर 280 मीटर. घाम पुसायच्या आत संपतं.

म्हणून एकरवाले लवकरच शहाणे होतात. घराभोवतीचं अंगण तेवढं राखतात, बाकीचं गुरांना, झाडांना नाहीतर नशिबाला सोडून देतात. नांदतात ते पाच-सहा गुंठ्यांवरच. उरलेल्या जमिनीची फेरी होते, राहणं होत नाही. हे कुणी कबूल करत नाही, पण पायवाटा सांगतात. घरापासून पंपघरापर्यंत एक ठळक वाट, फाटकापर्यंत दुसरी. पलीकडच्या टोकाला वाटच नाही.

मात्र घराभोवतीचं गवत नशिबाला सोडून चालत नाही. जिथे वणव्याची भीती आहे तिथे 30 मीटरपर्यंत वाळलेलं काही ठेवू नये, असा सल्ला असतो. घर उतारावर असेल तर खालच्या बाजूला आणखी जास्त, कारण आग चढणीला वेगाने धावते. बंब येईपर्यंतचा वेळ तुमच्याच बादल्यांचा. आणि बादल्या भरायला पुन्हा तोच पंप.

(कुंपण. खांबामागून खांब.)

कुंपणाचा हिशेब मात्र गमतीचा आहे. चौरस आकाराच्या एक एकराला साधारण 254 मीटर कुंपण लागतं. दहा एकरांना दहापट नाही, 805 मीटर पुरतं. दर तीन मीटरला एक खांब धरला तर 85 खांबांचे 268. पण जमीन चौरस असेल तर. तोच एक एकर 10 मीटर रुंदीच्या पट्टीत मिळाला, तर त्याची लांबी 400 मीटरच्या वर जाते आणि कुंपण 829 मीटर. एक एकराला दहा एकरांहून जास्त तार! जमीन बघायला जाणारे किती एकर ते विचारतात. कोणत्या आकाराची, हे विचारणारे कमी.

विजेच्या तारेचंही तसंच. मीटर रस्त्याजवळ आणि घर आत लांब. जितकी तार लांब, तितका व्होल्टेज गळतो. अंतर दुप्पट तर तेवढीच घट राखायला तारेच्या छेदाचं क्षेत्रफळही दुप्पट हवं. घर अगदी आत, टेकडीच्या कुशीत बांधायचं स्वप्न या जाडीत मोजलं जातं. वाटेचा मुरूम वेगळा. ती वाट मधोमध फुगीर आणि दोन्ही बाजूंना चर अशी नसेल, तर पहिला मोठा पाऊस तिलाच नाला करतो.

(प्लॉट. सकाळ. खिडकीसमोर खिडकी.)

मग प्लॉटवर सगळं सुखच? खिडकी उघडली की समोरच्यांची खिडकी. त्यांचं भांडण, त्यांचा मिक्सर, त्यांचा कुत्रा. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे 6 डेसिबलने उतरतो. 5 मीटरवरचा मिक्सर 80 मीटरवर गेला तर 24 डेसिबल कमी. एकरांत विकत मिळतात ते हे डेसिबल. आणि अंधार. दिवे मालवले की आकाशगंगा दिसते, कुणाला न सांगता. मला विचाराल तर या सगळ्या खटाटोपाची भरपाई करणारी गोष्ट हीच एक आहे. ताजी हवा वगैरे प्लॉटवरही गच्चीत मिळते.

आणि प्लॉटची म्हणून एक माया असते. त्या घरातल्या आजींना आपल्या अकराही झाडांच्या तब्येती पाठ आहेत. कोणत्या फांदीला कीड लागली, कुठल्या कुंडीखाली मुंग्या झाल्या. दहा एकरांत एखादं झाड उन्मळून पडलं तर कळायला कधी आठवडा जातो. रात्री छातीत दुखलं, तर त्या आजी भिंतीवर थाप मारू शकतात. पलीकडून कुणीतरी उठतं.

(पंपघर. सकाळची तिरपी उन्हं.)

सात वाजून दहा मिनिटं. स्टार्टरवरचा लाल दिवा लागतो. जमिनीखालून घरघर सुरू होते, आधी ऐकू येण्याऐवजी तळपायांना जाणवते. काटा थरथरतो. दहा. वीस.

घरात कुणीतरी नळ उघडाच ठेवला होता. तो आधी खोकतो, मग गढूळ पाण्याची गुळणी टाकतो. थोड्या वेळाने धार स्वच्छ होते, आणि आतून हाक येते: "आलं, आलं! बंद कर रे तो बाहेरचा!"

तो अंगणातला नळ बंद करायला धावतो.