शंभर पेशी आणि एक लाख पेशी

[दृश्य: शस्त्रक्रियागृह. सूक्ष्मदर्शकाच्या प्रकाशात मेंदूचा पृष्ठभाग. यंत्रांचा मंद आवाज.]

मेंदूतली गाठ काढणारा सर्जन तासन्‌तास तळहाताएवढ्या जागेकडे बघत असतो. गाठीचा गाभा ओळखू येतो. रंग वेगळा असतो, पोत वेगळा असतो. घोळ होतो तो कडेला. गाठ कुठे संपली आणि मेंदू कुठे सुरू झाला, हे नजरेला ठरवता येत नाही. इतर अवयवांत खबरदारी म्हणून गाठीभोवतीचा थोडा चांगला भागही कापून घेतात. इथे ती सोय नाही. त्या थोड्या भागात कुणाचं बोलणं असतं, कुणाचा उजवा हात असतो.

ग्लायोब्लास्टोमा हा मोठ्या माणसांच्या मेंदूतला सर्वांत घातक कर्करोग. आधी शस्त्रक्रिया, मग रेडिएशन, म्हणजे आपल्याकडे पेशंटचे नातेवाईक ज्याला ‘लाईट देणं’ म्हणतात ते, आणि सोबत टेमोझोलोमाइडच्या गोळ्या. या गोळीचा उपयोग सिद्ध करणारी युरोप आणि कॅनडातली मोठी चाचणी 2005 साली प्रसिद्ध झाली. नुसतं रेडिएशन घेतलेल्यांतले निम्मे रुग्ण 12.1 महिन्यांपर्यंत जगले होते. गोळी जोडल्यावर हा आकडा 14.6 महिन्यांवर गेला. अडीच महिन्यांचा फरक. तेवढ्यावर जगभरची उपचारपद्धती बदलली. त्याआधी डॉक्टरांच्या हातात किती कमी होतं, ते यावरून समजावं.

आणि तरीही गाठ परत येते. बहुतेक वेळा जिथून काढली, त्याच्या अगदी शेजारीच.

[दृश्य: टोरांटो. युनिव्हर्सिटी अव्हेन्यू, हिवाळा.]

या शतकाच्या सुरुवातीला टोरांटोच्या मुलांच्या हॉस्पिटलमध्ये, ज्याला सगळे सिककिड्स म्हणतात, शीला सिंग न्यूरोसर्जरी शिकत होत्या. न्यूरोसर्जन व्हायचं शिक्षण हेच मुळात वर्षानुवर्षांचं. त्यात त्यांनी पीएच.डी. घेतली अंगावर. मार्गदर्शक होते पीटर डर्क्स, तेही मुलांच्या मेंदूचे सर्जन. प्रश्न सरळ होता: गाठीतल्या सगळ्याच पेशी सारख्या धोकादायक असतात का?

हा प्रश्न टोरांटोत उभा राहिला, ते उगाच नाही. याच शहरात 1961 साली जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅकलक यांनी रक्ताच्या मूळपेशींचा, म्हणजे ज्यांच्यापासून रक्तातल्या बाकीच्या पेशी तयार होतात त्यांचा, पहिला ठोस पुरावा दिला होता. रेडिएशनने अस्थिमज्जा मारलेल्या उंदरांना त्यांनी दुसऱ्या उंदरांच्या मज्जेतल्या पेशी टोचल्या. काही दिवसांनी त्या उंदरांच्या प्लीहेवर बारीक उंचवटे आले. पुढे सिद्ध झालं, की एकेक उंचवटा एकेका पेशीपासून वाढला होता. मग 1994 मध्ये सिककिड्सच्याच संशोधन संस्थेत जॉन डिक यांच्या गटाने रक्ताच्या कर्करोगाबाबत दाखवलं, की रुग्णाच्या रक्तातल्या सगळ्या कर्कपेशींना उंदरात रोग रुजवता येत नाही. ते जमतं फार थोड्या पेशींना.

पण रक्त पातळ असतं. त्यातल्या पेशी सुट्या असतात, मोजता येतात, वेगळ्या काढता येतात. मेंदूतली घट्ट गाठ चाळायची कशी?

[दृश्य: प्रयोगशाळा. बशीतल्या द्रवात तरंगणारे पेशींचे गोळे.]

तयार रीत कॅनडातच होती. कॅल्गरीत ब्रेंट रेनॉल्ड्स आणि सॅम्युएल वाईस यांनी 1992 मध्ये पूर्ण वाढ झालेल्या उंदरांच्या मेंदूतून मूळपेशी वाढवून दाखवल्या होत्या. पेशी वाढवताना एरवी जे रक्तद्रव घालतात ते वगळायचं आणि ठरावीक वाढ-घटक द्यायचे. मग बहुतेक पेशी मरतात, थोड्या विभागत राहतात आणि त्यांचे गोळे तरंगू लागतात.

सिंग यांनी हीच रीत गाठींना लावली. शस्त्रक्रियेत निघालेला ताजा तुकडा घ्यायचा, त्याच्या पेशी सुट्या करायच्या आणि द्रवात सोडायच्या. बऱ्याचशा पेशी तळाला चिकटल्या. थोड्या मात्र तरंगत गोळे करू लागल्या. या थोड्यांना बाकीच्यांपासून वेगळं करायला खूण मिळाली ती सीडी133 नावाच्या प्रथिनाची. निरोगी मेंदूच्या मूळपेशीही याच खुणेवरून वेगळ्या काढता येत होत्या. प्रथिनाला चिकटणाऱ्या प्रतिपिंडावर लोहाचे अतिसूक्ष्म मणी बसवायचे आणि सगळं मिश्रण चुंबकातून जाऊ द्यायचं. खूण असलेल्या पेशी अडकतात, बाकीच्या वाहून जातात. धान्य चाळावं तसंच हे काम, फक्त चाळणीच्या जागी चुंबक.

2003 मध्ये पहिला शोधनिबंध आला. पण बशीत गोळे होणं वेगळं आणि मेंदूत गाठ होणं वेगळं. शंका घेणारे शंका घेत होते, आणि त्यांनी घ्यायलाच हवी होती.

[दृश्य: संपूर्ण काळा पडदा. पांढऱ्या अक्षरांत फक्त दोन आकडे: 100 आणि 1,00,000.]

नोव्हेंबर 2004. नेचर नियतकालिकातला दुसरा निबंध. प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांच्या मेंदूत माणसाच्या गाठीतल्या पेशी टोचल्या. सीडी133 ची खूण असलेल्या अवघ्या 100 पेशींनी गाठ उभी केली. ती मूळ रुग्णाच्या गाठीसारखीच दिसत होती, आणि तिच्यातल्या पेशी दुसऱ्या उंदरात टोचल्यावर तिथेही गाठ झाली. खूण नसलेल्या पेशी एका वेळी 1 लाख टोचल्या. त्या तिथे जगल्या. पण गाठ झाली नाही.

ज्याने शेतातली हरळी काढली आहे, त्याला हे आकडे समजवावे लागत नाहीत. वरचं गवत गाडीभर कापा, महिन्यात रान पुन्हा हिरवं. बोटभर मुळी मातीत राहिली की झालं.

पुढचे पुरावे भराभर आले. 2006 मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या जेरेमी रिच यांच्या गटाने दाखवलं, की रेडिएशननंतर या पेशी आपल्या डीएनएची दुरुस्ती इतरांपेक्षा चांगली करतात. म्हणजे ‘लाईट’ बाकीच्या पेशी मारते आणि मुळीला मागे ठेवते. 2012 मध्ये डॅलसला लुईस पराडा यांच्या गटाने उंदरांत पाहिलं, की टेमोझोलोमाइड दिल्यावर वाढ पुन्हा सुरू होते ती एका निजलेल्या पेशीगटापासून. औषध विभागणाऱ्या पेशींवर चालतं. जी पेशी विभागतच नाही, तिला ते काय करणार?

इथपर्यंतची गोष्ट फारच सरळ वाटते. तशी ती राहिली नाही. इतर प्रयोगशाळांत सीडी133 ची खूण नसलेल्या पेशींनीही गाठी केल्या. कुठल्या पेशी मूळ आणि कुठल्या साध्या, ही सीमा पक्की नाही, परिस्थिती बदलली की पेशीही रूप बदलतात, असं म्हणणारे वाढले. माझ्या मते 2004 चा प्रयोग त्यामुळे लहान होत नाही. सुताने स्वर्ग गाठायची घाई झाली, ती नंतरच्या वाचकांना.

पुण्यातही हेच धागे वेगळ्या बाजूने हाती लागत होते. राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात अंजली शिरस यांच्या गटाने मेंदूच्या गाठीतून पेशींची मालिका, म्हणजे बशीत पिढ्यान्‌पिढ्या वाढत राहणाऱ्या पेशी, वाढवली. सुरुवातीला ती संथ वाढणारी होती, उंदरात गाठ न करणारी. बशीतच तिच्यातून दुसरी, झपाट्याने वाढणारी आणि गाठ करणारी मालिका निघाली. 2007 च्या निबंधात त्यांनी या बदलाचं कारण मांडलं: पेशींच्या जनुकसंचातली अस्थिरता.

[दृश्य: हॅमिल्टन. ओंटारियो सरोवराचा काठ, मागे पोलाद कारखान्यांची धुरांडी.]

सिंग 2007 मध्ये हॅमिल्टनच्या मॅकमास्टर विद्यापीठात आल्या. तेव्हापासून काम दुहेरी: हॉस्पिटलमध्ये मुलांच्या मेंदूवर शस्त्रक्रिया आणि प्रयोगशाळेत त्याच रोगांचा पाठपुरावा. त्यांचं लक्ष परत आलेल्या गाठीकडे वळलं. जगातली बरीचशी माहिती पहिल्यांदा काढलेल्या गाठींची आहे, कारण परत आलेल्या गाठीवर पुन्हा शस्त्रक्रिया बऱ्याच जणांची होतच नाही. उपचारांतून तावून निघालेली ती गाठ पहिलीसारखी नसते.

2020 मध्ये जेसन मॉफॅट आणि इतर संशोधकांसोबत त्यांनी सीडी133 वरच नेम धरला. तीन हत्यारं करून पाहिली, त्यांत उंदरांमध्ये सरस ठरल्या कार-टी पेशी: प्रतिकारशक्तीच्याच पेशी, पण नेमकी ती खूण ओळखायला शिकवलेल्या. ज्या प्रथिनाने शोधायला मदत केली होती, त्याचंच निशाण केलं.

2024 मध्ये परत आलेल्या ग्लायोब्लास्टोमाचा आणखी एक आधार हाती लागला, रोबो1 नावाचं प्रथिन. गर्भात मेंदू घडताना चेतातंतूंना वाट दाखवणारी जी यंत्रणा असते, तिचं हे प्रथिन. परतलेली गाठ तीच वाट मेंदूत पसरायला वापरते. त्याविरुद्धच्या कार-टी पेशी तीन प्रकारच्या मेंदूकर्करोगांवर उंदरांत वापरल्या. तिन्हींत उंदरांचं आयुष्य दुपटीच्या घरात गेलं. दोन प्रकारांत निम्म्या किंवा त्याहून जास्त उंदरांच्या मेंदूत गाठ उरलीच नाही.

[दृश्य: शस्त्रक्रियागृहाचं दार. बर्फाचा छोटा डबा घेऊन कुणीतरी जिन्याकडे निघालंय.]

उंदरांच्या. हा शब्द मुद्दाम शेवटी ठेवला आहे. डब्यात आहे तो माणसाच्या गाठीचा तुकडा, आणि तो आजच चाळायला हवा.