दोन कार्डं आणि मधली वायर

मंडळी, परभणीहून तुम्ही पुण्याला फोन लावता, तेव्हा तुमच्या आवाजाआधी एक निरोप पुढं जातो: कोणाला बोलवायचंय, वाट मोकळी आहे का. हे निरोप हाताळणारं ते सिग्नलिंग कार्ड. ते बसलं की बाकी सगळं धडधाकट असूनही एक्सचेंज मुकं होतं. म्हणून कार्डं दोन ठेवायची, एक चालू आणि एक राखीव.

पण राखीव कार्ड नुसतं खाचेत बसवून भागत नाही. कोणते कॉल चालू आहेत, कोणती लिंक, म्हणजे दुसऱ्या एक्सचेंजकडं निरोप नेणारी वाट, उभी आहे, हे त्याला घडीघडीला कळायला हवं. त्यासाठी दोन कार्डांमध्ये थेट इथरनेटची क्रॉस केबल टाकतात. एका टोकाच्या १ आणि २ नंबरच्या पिना दुसऱ्या टोकाला ३ आणि ६ वर जातात, एवढंच. पोरं म्हणतात, सर, रॅकमध्ये नेटवर्कच्या केबली जोडणारा स्विच आहेच की, त्यातूनच नेऊ. नका नेऊ. तो स्विच बसला की दोन्ही कार्डांना वाटतं, दुसरं मेलं. मग दोघंही कारभारी होतात. एका वाड्यात दोन कारभारी झाले की काय होतं, हे मराठवाड्यात मी सांगायला नको! वायरही तुटू शकते, म्हणून हालहवाल विचारायला आणखी एक वाट असलेली बरी.

ही जोडी समजावताना परीक्षेत काहीजण बैलजोडीचा दाखला देतात. तो चुकीचा आहे. जोडीतला एक बैल बसला की गाडी उभी राहते. एसएस-७ मध्ये, म्हणजे एक्सचेंजांनी एकमेकांना हे निरोप द्यायच्या पद्धतीत, दोन लिंक असतील तर प्रत्येकीवर साधारण ४० टक्केच भार ठेवायचा, म्हणजे एक तुटली तरी दुसरी ८० टक्क्यांवर सगळं ओढते. प्रत्येक निरोपावर ० ते १२७ असा फिरता क्रमांक असतो. लिंक तुटली की पलीकडचं टोक सांगतं, ‘मला अमुक क्रमांकापर्यंत पोचलं.’ त्यापुढचे निरोप इकडून दुसऱ्या लिंकवर पुन्हा जातात. बोलणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

एवढं करूनही फसायला होतं, कारण जोडीत काहीतरी सामाईक राहून जातं. १५ जानेवारी १९९० ला अमेरिकेत एटी अँड टी या टेलिफोन कंपनीचं लांब पल्ल्याचं जाळं सुमारे नऊ तास कोलमडलं. एक स्विच, म्हणजे तिथलं एक्सचेंज, सावरून ‘मी आलो’ असा निरोप द्यायचा, आणि त्यानं शेजारचा पडायचा. सगळ्यांत प्रोग्राम एकच, म्हणून चूकही एकच.

आमचं प्रकरण इतकं मोठं नव्हतं. बीड जिल्ह्यातलं एक एक्सचेंज. दोन कार्डं, दोन लिंक, नकाशावर दोन वेगळ्या वाटा. रस्ता रुंदीकरणात जेसीबीचा एक घास बसला आणि दोन्ही लिंक एकदम गेल्या. आम्ही नकाशा घेऊन धावलो. जेसीबीवाल्यानं खड्ड्याकडं बोट दाखवलं. एकाच चरात दोन्ही केबली शेजारी शेजारी तुटून पडल्या होत्या.