न घेणाऱ्याच्या बाजूने

श्रोतेहो, नमस्कार.

पावसाळा सरत आला होता तेव्हाची गोष्ट. सकाळचा सराव आटोपून मी मैदानाच्या कठड्यावर बसलो होतो. आमच्याच शाळेतून बाहेर पडलेला, पोलीस भरतीची तयारी करणारा एक मुलगा शेजारी येऊन बसला. सोळाशे मीटर, शंभर मीटर, गोळाफेक, सगळं मन लावून करणारा. बुटाची नाडी सोडता सोडता म्हणाला, "सर, ग्राउंडच्या दिवशी कितीतरी पोरं ताकदीचं इंजेक्शन मारून येतात. मोठ्या स्पर्धांतही तेच चालतं म्हणे. मग एकदाची परवानगीच का देऊन टाकत नाहीत? चोरून घ्यावं लागणार नाही, डॉक्टर बघून देईल, आणि सगळे सारखे होतील."

तीस वर्षं मी मुलांना पळायला शिकवतोय, पण त्याला लगेच उत्तर देऊ शकलो नाही. त्या दिवशी जे सांगितलं ते, आणि जे घरी गेल्यावर सुचलं तेही, आज तुमच्यापुढे मांडतो.

आधी एक कबूल करायला हवं, की त्याचा प्रश्न पोरकट नव्हता. जूलियन सावुलेस्कू या तत्त्वज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये हेच म्हणणं जाहीरपणे मांडलं होतं. खेळाडूच्या जिवाला धोका नाही ना एवढंच तपासा, उत्तेजक औषधांवरची बाकी बंदी उठवा, असं ते म्हणतात. त्यांच्या बाजूने बोलणारं उदाहरणही जबरदस्त आहे. फिनलंडचा एरो मँटिरांटा हा बर्फावर स्की बांधून लांब पल्ल्याच्या शर्यती धावायचा. १९६४ च्या इन्सब्रुक ऑलिम्पिकमध्ये त्याने दोन सुवर्णपदकं घेतली. त्याच्या घराण्यात एक जनुकीय बदल होता. त्यामुळे त्याच्या रक्तात जन्मतःच इतरांपेक्षा कितीतरी जास्त तांबड्या पेशी होत्या, म्हणजे स्नायूंना प्राणवायूही जास्त. आता ज्याला निसर्गाने हे दिलं नाही, त्याने ते औषधाने मिळवलं तर तो लबाड कसा? डोंगरावर राहून रक्त वाढवलेलं चालतं, विरळ हवेच्या तंबूत झोपलेलं चालतं, मग सुईच तेवढी का नको? मला हा युक्तिवाद अवघड वाटतो आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही.

दुसरीही गोष्ट मान्य करतो. तपासणी तोकडी पडते. टूर द फ्रान्स ही मोठी सायकल शर्यत सात वेळा जिंकणाऱ्या लान्स आर्मस्ट्राँगची वर्षानुवर्षं तपासणी झाली, आणि शेवटी २०१२ मध्ये तो अडकला तो प्रामुख्याने त्याच्या जुन्या सहकाऱ्यांच्या साक्षींमुळे. आपल्याकडे तर सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर राज्य स्पर्धा चालू असताना नाडाचे, म्हणजे राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्थेचे, अधिकारी आल्याची कुणकुण लागली आणि पुरुषांच्या शंभर मीटरच्या अंतिम शर्यतीला रेषेवर एकच धावपटू उरला. बाकीचे फिरकलेच नाहीत. तो एकटा धावला. तो एकटा मुलगा माझ्या डोक्यातून जात नाही. त्याच्याकडे मी परत येईन.

पण परवानगी देऊन पाहिली तर काय होईल, याचा अंदाज बांधत बसायची गरज नाही. ते एकदा जवळजवळ होऊन गेलेलं आहे, सायकलिंगमध्ये.

सायकलचं मला लहानपणापासून वेड. मुंबई–पुणे शर्यत बोरघाट चढून यायची तेव्हा आम्ही पोरं खंडाळ्याला रस्त्याच्या कडेला तासन् तास उभे असायचो. घाटाचा राजा कोण होणार यावर पैजा लागायच्या. घामाने निथळलेली ती माणसं, पेडलवर उभं राहून वळण घेणारी, आम्हाला देवासारखी वाटायची. पुढे टीव्हीवर टूर द फ्रान्स दिसू लागली. आल्प्सचे ते घाट पाहून मी थक्क व्हायचो. त्यामागे काय शिजत होतं ते फार उशिरा वाचायला मिळालं.

आपलं मूत्रपिंड एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक तयार करतं. त्याला ईपीओ म्हणतात. ते हाडांतल्या मगजाला निरोप देतं, की तांबड्या पेशी वाढव. मूत्रपिंड निकामी झालेल्या, डायलिसिसवर असलेल्या रुग्णांचं रक्त कमी होतं, म्हणून १९८० च्या दशकाच्या शेवटी हे औषध कृत्रिमरीत्या बाजारात आलं. त्या रुग्णांसाठी ते खरोखर वरदान आहे. सायकलपटूंच्या हाती ते लागलं तेव्हा त्यांच्यासाठी ते घाट चढायचं इंजिन झालं. बंदी होती, पण १९९० च्या दशकात ते लघवीत शोधायची पद्धतच नव्हती. १९९६ ची टूर जिंकणाऱ्या बियार्ने रीसने अकरा वर्षांनी स्वतः कबूल केलं, की त्याने ते घेतलं होतं.

मग १९९७ मध्ये सायकलिंगच्या जागतिक संघटनेने एक मर्यादा घातली. रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा, ज्याला हिमॅटोक्रिट म्हणतात, तो पुरुषांमध्ये ५० टक्क्यांच्या वर गेला तर पंधरा दिवस घरी बसायचं. ही शिक्षा नव्हती, तब्येतीच्या काळजीने घेतलेला आराम होता. रक्त फार घट्ट झालं तर गुठळी होऊन माणूस झोपेतच जाऊ शकतो, ही भीती खरी होती. हेतू चांगला होता. आणि बघा, माझा विद्यार्थी जे मागत होता, सावुलेस्कू जे मागतात, ते नेमकं हेच. जिवाला धोका नाही अशी रेषा आखा आणि तिच्या आत काय चाललंय ते बघू नका.

झालं काय? ५० ही मर्यादा होती, तिचं लक्ष्य झालं. संघांच्या सामानात रक्त फिरवून मोजणारी छोटी यंत्रं आली. तपासणीवाले सकाळी दारात आले, की शिरेतून सलाईन चढवून रक्त पातळ करायची युक्ती आली. आणि समानता? ज्याचं रक्त जन्मतः ४२ वर, त्याला आठ अंक वाढवायला वाव. ज्याचं मुळातच ४८, त्याला दोनच. एकाच डोसाला दोन शरीरं सारखी साथ देतात असंही नाही. म्हणजे निसर्गाची विषमता गेली नाहीच, तिच्यावर औषधाची आणि चांगला डॉक्टर परवडण्याची विषमता चढली. "सगळे सारखे होतील" हे त्या मुलाचं वाक्य मला तिथेच मोडताना दिसतं.

"डॉक्टर बघून देईल" याचंही उत्तर त्याच गोष्टीत आहे. ८ जुलै १९९८ रोजी, टूर सुरू व्हायच्या तोंडावर, फेस्टिना संघाचा मदतनीस विली व्होएट याची गाडी फ्रान्स–बेल्जियम सरहद्दीवर अडवली गेली. गाडी ईपीओ आणि इतर औषधांनी भरलेली होती. काही दिवसांत संघाच्या प्रमुखाने कबुली दिली. त्याचं स्पष्टीकरण ऐका. खेळाडूंनी कुठूनही काहीही आणून घेऊ नये, म्हणून हे सगळं वैद्यकीय देखरेखीखाली चालवलं होतं, असं तो म्हणाला. संघाकडे स्वतःचा डॉक्टर होता. पण त्या डॉक्टरचा पगार कोण देत होतं? जिंकायला निघालेला संघ. ज्याच्याकडे माणूस आजारी म्हणून जातो आणि ज्याच्याकडे मालक आपलं घोडं पाठवतो, त्या दोन डॉक्टरांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आता ज्याच्यासाठी मी हे सगळं बोलतोय, त्याच्याकडे येतो. त्याच फेस्टिना संघात क्रिस्तोफ बासों नावाचा एक तरुण होता. त्याने काही घेतलं नाही. चौकशी झाली तेव्हा संघातल्या लोकांनीच सांगितलं, की हा स्वच्छ होता. पुढच्या वर्षी, १९९९ मध्ये, तो दुसऱ्या संघाकडून टूरमध्ये उतरला आणि रोज वर्तमानपत्रात लिहू लागला. वेग अजूनही संशयास्पद आहे, हे त्याने लिहिलं. सोबतचे सायकलपटू त्याच्याशी बोलेनासे झाले. आल्प द्युएझच्या टप्प्याला सगळ्यांनी मिळून सावकाश जायचं ठरवलं होतं. त्याला कुणी सांगितलंच नाही म्हणा, किंवा त्याला ते पटलं नाही म्हणा, तो पुढे निघाला. अख्खा जथा त्याच्या मागे लागला. आर्मस्ट्राँगने, शर्यतीत आघाडीवर असलेल्याची पिवळी जर्सी अंगावर असलेल्या माणसाने, त्याला गाठून सुनावलं, की तू बोलतोस ते खेळासाठी वाईट आहे, तू घरी जा. बासों शर्यत सोडून खरंच घरी गेला. दोन वर्षांनी त्याने सायकलिंगही सोडलं.

मंडळी, परवानगीच्या वादात आपण नेहमी घेणाऱ्याच्या स्वातंत्र्याबद्दल बोलतो. त्याचं शरीर, त्याची मर्जी. पण घेणाऱ्याला मोकळीक मिळाली, की न घेणाऱ्याची मोकळीक संपते. त्याच्यापुढे दोनच रस्ते उरतात, सुई टोचून घे किंवा शेवटचा ये. आज निदान नियम त्याच्या बाजूने उभा आहे. बासों एकटा पडला, पण चुकीचा ठरला नाही. पुढे आर्मस्ट्राँगची सातही विजेतेपदं काढून घेतली, आणि ती वर्षं नोंदीत विजेत्याविना ठेवली, कारण दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकांवरही तोच डाग होता. औषध तेव्हा अधिकृत असतं, तर बासोंच्या म्हणण्याला काही अर्थच राहिला नसता. तो फक्त एक हळू सायकलपटू ठरला असता.

दिल्लीच्या ट्रॅकवर एकट्याने धावलेल्या मुलाबद्दल मला हेच वाटतं. त्याची शर्यत पळून गेलेल्यांनी नेली. त्यावर उपाय म्हणून त्यांनाच आपण आत बोलवायचं का? २०२३ मध्ये भारतातल्या ५,६०६ नमुन्यांपैकी २१४ दोषी निघाले. हा आकडा वाचून मला झोप लागली नव्हती. पण त्याचा इलाज तपासणी शाळेच्या आणि तालुक्याच्या मैदानापर्यंत नेणं हा आहे. गल्लीतल्या जिमच्या काउंटरखालून मेफेन्टरमाईनच्या बाटल्या विकणाऱ्यांना आवर घालणं हा आहे. ऑपरेशनच्या वेळी रक्तदाब खाली गेला तर भूलतज्ज्ञांनी वापरायचं ते औषध. ते सतरा-अठरा वर्षांच्या पोरांच्या दंडात कुणीतरी अप्रशिक्षित माणूस टोचतो, आणि आपण त्याला "ताकदीचं इंजेक्शन" म्हणतो.

त्या सकाळी मी त्या मुलाला बासोंची गोष्ट सांगितली, आणि मग आणखी एक. पूर्व जर्मनीची. तिथे १९७४ पासून सरकारनेच गुप्त योजना आखून खेळाडूंना हार्मोनच्या गोळ्या दिल्या. प्रयोगशाळा होती, डॉक्टर होते, नोंदवह्या होत्या. म्हणजे परवानगी होती, ती देशाचीच होती. हायडी क्रीगर ही गोळाफेकपटू सोळाव्या वर्षापासून त्या निळ्या गोळ्या घेत होती, जीवनसत्त्वं म्हणून. १९८६ मध्ये स्टुटगार्टला ती युरोपची विजेती झाली. तोपर्यंत शरीर इतकं बदललं होतं, की ते तिला आपलं वाटेना. १९९७ मध्ये शस्त्रक्रिया करून ती आंद्रेयास झाली. आपण कोण आहोत हे स्वतःचं स्वतः शोधायची संधी त्या गोळ्यांनी हिरावली, हे आंद्रेयास यांचं दुःख आहे. २००० मध्ये बर्लिनच्या न्यायालयात योजनेचे दोन प्रमुख दोषी ठरले, पण शिक्षा स्थगित राहिल्या, तुरुंगात कुणी गेलं नाही. ते सुवर्णपदक क्रीगर यांनी देऊन टाकलं, डोपिंगविरुद्ध लढणाऱ्यांना द्यायच्या पुरस्कारात बसवण्यासाठी.

त्या मुलाची धाकटी बहीण आठवीत आहे. आठशे मीटर धावते, त्याच मैदानावर. मी त्याला एवढंच विचारलं, "परवानगी द्यायची ठरली, तर कितव्या वर्षापासून द्यायची? अठरा? मग अठराव्या वर्षी जिंकायला सोळाव्या वर्षी कोण काय देईल?"

तो बराच वेळ नाडीशी चाळा करत बसला. मग म्हणाला, "सर, तिला कुणी गोळी दिली तर ती आधी मला दाखवेल का, ते विचारून ठेवतो." आणि ट्रॅकच्या पलीकडे ती शेवटची फेरी मारत होती, तिकडे चालत गेला.

नमस्कार.