बोरीच्या पाण्यातून सूर

नळदुर्ग. धाराशिव जिल्ह्यातलं, सोलापूर–हैदराबाद रस्त्यावरचं गाव. किल्ला फिरायचा तर दिवस जातो, म्हणून आपण थेट पाणीमहालात उतरू.

बोरी नदीवर दगडी बंधारा आणि बंधाऱ्याच्या पोटात हा महाल. पावसाळ्यात नदी भरली की नर आणि मादी हे दोन धबधबे कोसळतात. आत उभं राहणारा कोरडा राहतो; आवाजातून मात्र सुटका नाही.

हे बांधकाम दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं. सुलतान गाण्यासाठी वेडा. दखनीत पदं रचायचा, रागांच्या नावाखाली मांडायचा. लाडक्या तंबोऱ्याला त्यानं नाव दिलं होतं, मोतीखान.

आज इथं सिंथेसायझर वाजतोय. वरातीतला कॅसिओ नव्हे, याला पट्ट्याच नाहीत. वायरी, गोल बटणं आणि शेजारी बॅटरी. असं ‘मूग’ या अमेरिकी बनावटीचं यंत्र अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ सालीच आलं होतं, म्हणजे आपल्याकडे हे काही कालचं खूळ नाही.

यात सूर विजेच्या दाबावर ठरतो. एक व्होल्ट वाढवला की सूर एक सप्तक वर. यंत्र तापेपर्यंत तो जागेवर थांबत नाही, म्हणून वादकानं ते केव्हाच चालू करून ठेवलंय.

आता खरी गंमत. धबधब्याच्या आवाजात खर्जापासून तारापर्यंत सगळंच एकदम असतं, म्हणून कानाला तो गोंगाट वाटतो. वादकानं झरोक्यात माइक लावलाय. पाण्याचा आवाज यंत्रात शिरतो आणि फिल्टर नको ते कापत जातं. बटण आवळलं की खळाळ विरळ होतो, आणखी आवळलं की त्यातून एक षड्ज वर येतो. तोच धरून बाकीचं वादन चालतं. मोठाले स्पीकर आणले नाहीत ते शहाणपणाचं झालं. बोरीशी कोण आवाजात जिंकणार?

ऐकायला गावातली मंडळी आलीत. त्यातल्या एका आजोबांनी मध्येच विचारलं, "ह्याच्यावर संबळ वाजतंय का?"

तुळजापूर जवळ, प्रश्न रास्त होता. वादकानं खर्जातला सूर झटक्यात खाली ओढला. धुम्! पुन्हा, पुन्हा, लयीत.

आजोबांनी मान हलवली. "बरं हाय. पर घुमंना."

वादक पुन्हा बटणाकडे वळला.